यंत्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या अनेक राज्यांत एक वाद हटकून पेटतो. शालेय फुटबॉलचा नियमित हंगाम संपतो, राज्य क्रीडा संघटना संगणकाने काढलेली क्रमवारी जाहीर करते आणि तिच्यावरून बाद फेरीचे मानांकन ठरते. पहिला संघ कोणता नि आठवा कोणता, घरच्या मैदानावर कोण खेळणार आणि बसने लांबचा प्रवास करून परक्या मैदानावर कोण उतरणार, हे सारे त्या यादीत लिहिलेले असते. यादी लागली की प्रशिक्षक चिडतात, पालक संतापतात, गावोगावचे क्रीडालेखक लेखण्या परजतात. तिथल्या शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मराठी मुलांच्या घरीही हा विषय आता परका राहिलेला नाही. निष्कर्ष मात्र सर्वत्र एकच निघतो: यंत्राला खेळ कळत नाही, मुलांच्या वर्षभराच्या घामाचा हिशेब त्याच्या हाती देणे हा अन्याय आहे, आणि हे काम जाणत्या माणसांकडे सोपवले पाहिजे.

हे मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. मला ते अमान्य आहे. शालेय खेळाइतकी निर्मळ स्पर्धा दुसरी नाही अशी माझी श्रद्धा आहे, आणि तिचा न्याय मतांच्या बाजारात जावा हे मला पाहवत नाही. म्हणून हा प्रतिवाद. निकाल वाचकांनी द्यावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण बळानिशी. संगणकाच्या विरोधात पाच आक्षेप घेतले जातात. पहिला, यंत्र सामना पाहत नाही. प्रमुख खेळाडू जखमी होता की मैदानात गुडघाभर चिखल होता, हे त्याला कळत नाही. दुसरा, यंत्र प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीचे गुण आपल्या पदरात टाकते. पण प्रतिस्पर्धी निवडणे पुष्कळदा शाळेच्या हाती नसते, मग दुबळ्या लीगमध्ये जन्माला आल्याची शिक्षा मुलांनी का भोगावी? तिसरा, विजयातला गुणफरक मोजला तर दुबळ्यांना चिरडण्याची चटक लागते, आणि न मोजला तर निसटता विजय नि दणदणीत विजय एकाच मापाने मोजले जातात. चौथा, यंत्रही चुकते. पाचवा, अवघ्या दहा सामन्यांवरून दशांश चिन्हापुढच्या तिसऱ्या-चौथ्या अंकापर्यंत क्रम लावणे हे अचूकतेचे सोंग आहे.

यातला एकही आक्षेप पोरकट नाही. दोन तर अंशतः खरेही आहेत, आणि ते कोणते हे पुढे येईलच. पण पाचही आक्षेप एकत्र करूनसुद्धा ‘म्हणून माणसांचे मत बरे’ हा निष्कर्ष निघत नाही.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, आणि तेही या पद्धतीच्या जुन्या घरातले. ओहायो राज्यात शालेय फुटबॉलची राज्यस्तरीय बाद फेरी १९७२ साली सुरू झाली. त्याआधी राज्याचा विजेता कोण, हे वृत्तसंस्थांच्या मतदानातून ठरे. जे दोन संघ कधी एकमेकांसमोर उभे राहिले नाहीत, त्यांतला श्रेष्ठ कोण हे मतपत्रिका सांगत. १९७२ पासून बाद फेरीतल्या प्रवेशासाठी जॅक हार्बिन यांच्या नावाने ओळखले जाणारे संगणकीय गुणांकन आले. त्याचे तत्त्व शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. सामना जिंकला की गुण मिळतात. प्रतिस्पर्धी शाळा जितकी मोठ्या गटातली, तितके ते अधिक. शिवाय तुम्ही हरवलेला संघ पुढे-मागे जे सामने जिंकतो, त्यांचेही गुण तुमच्या खात्यात येतात. हरलात तर त्या सामन्याचे काही मिळत नाही. किती फरकाने जिंकलात, हे हार्बिन विचारत नाही. शाळेचे नाव काय, प्रशिक्षक किती प्रसिद्ध, गेल्या वर्षी करंडक कोणी उचलला, हेही विचारत नाही. हंगामाच्या पहिल्या शुक्रवारी सर्वांच्या खात्यावर शून्य असते.

आता पहिला आक्षेप. यंत्र सामना पाहत नाही. मान्य. मग माणूस पाहतो का?

ओहायोत फुटबॉल खेळणाऱ्या शाळांची संख्या सातशेच्या घरात आहे. त्यांचे बहुतेक सामने शुक्रवारी रात्री, जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात. ज्या प्रशिक्षकाच्या ‘जाणत्या नजरे’वर आपण विसंबायचे, तो त्या वेळी स्वतःच्या संघाच्या कडेला उभा राहून ओरडत असतो. फार तर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे चित्रीकरण त्याने पाहिलेले असते. क्रीडालेखक एका रात्री एक सामना पाहतो; उरलेल्यांचे आकडे त्याला दूरध्वनीवरून किंवा पडद्यावरून कळतात. म्हणजे मतदार ज्याच्या आधारे मत देतो, तेही अखेर आकडेच. फरक इतकाच की यंत्र सर्वांचे आकडे घेते, तर मतदाराजवळ लक्षात राहिलेले आकडे असतात. आणि लक्षात राहिलेल्या आकड्यांच्या फटी तो कीर्तीने बुजवतो. हंगामाच्या आरंभी, एकही चेंडू पडण्यापूर्वी, ‘या वर्षीचे बलाढ्य संघ’ म्हणून याद्या छापल्या जातात. त्या यादीत अग्रभागी असलेला संघ एक सामना हरला तर चार पायऱ्या उतरतो. जो यादीतच नव्हता तो चार सामने जिंकला तरी दारात उभा असतो. दुखापती आणि चिखल मतदाराला कळतात म्हणे. कळतात, पण कोणाच्या? नामांकित शाळेच्या नामांकित खेळाडूच्या. आडगावच्या शाळेचा आघाडीचा खेळाडू घोटा मुरगळून तीन आठवडे घरी बसला होता, याची बातमी कोणत्या मतदाराच्या टेबलावर येते? सर्वांची अडचण सारखीच ऐकू येत नसेल, तर मोजक्यांची अडचण ऐकणे यालाच पक्षपात म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, ओहायोतच प्रशिक्षकांनी मत देऊन मानांकन केले होते की! खरे आहे. २०२० साली महासाथीमुळे हंगाम आखूड झाला, सर्व शाळांना बाद फेरीत उतरण्याची मुभा मिळाली, हार्बिन गुणांकन बाजूला ठेवावे लागले आणि प्रत्येक विभागातल्या प्रशिक्षकांच्या मतांनी क्रम लावला गेला. पुढच्याच वर्षी हार्बिन परतले. यावरून ते मतदान फसले असे मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्यापाशी नाही आणि ती वेळही आपत्तीची होती. मी फक्त त्या पद्धतीच्या घडणीकडे बोट दाखवतो. मत देणारा प्रशिक्षक स्वतः त्याच विभागातला स्पर्धक असतो. शेजारच्या शाळेला वर ठेवले तर आपल्याला खाली जावे लागेल, किंवा तिसऱ्या फेरीत तिच्याशीच गाठ पडेल, हे त्याला मत देतानाच दिसत असते. तो प्रामाणिक असेल, बहुतेक असतातच. पण ज्याचा हितसंबंध गुंतला आहे त्यालाच पंच नेमायचे आणि त्याच्या प्रामाणिकपणावर भिस्त ठेवायची, ही न्यायाची रचना कोणत्या देशात मान्य आहे?

आणि इथेच वादाचे मर्म आहे. सूत्र ऑगस्टमध्ये ठरते, तेव्हा ते कोणाच्या पथ्यावर पडणार हे कोणालाच ठाऊक नसते. मत ऑक्टोबरअखेर दिले जाते, तेव्हा सगळ्यांना सगळे ठाऊक असते. चेहरे दिसण्यापूर्वी केलेला नियम आणि चेहरे पाहून दिलेला कौल, यांत न्यायाच्या अधिक जवळ कोण?

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला जागाही अधिक दिली पाहिजे. प्रतिस्पर्ध्यांच्या बळाचा हिशेब करणे अन्यायाचे आहे काय? समजा, तो हिशेब सोडून दिला. मग उरते ती निव्वळ जय-पराजयांची मोजणी. दहा दुबळ्या संघांना हरवणारा दहा-शून्य असा पहिला येईल आणि राज्यातल्या चार बलाढ्य संघांशी झुंजून सात-तीन राहिलेला खाली जाईल. पुढच्या वर्षी प्रत्येक शहाणी शाळा, जिथे निवडीला वाव आहे तिथे, दुबळे प्रतिस्पर्धी शोधू लागेल. तेव्हा प्रतिस्पर्ध्याचे बळ मोजायलाच हवे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो कसे मोजायचे याचा.

आणि तिथे विरोधकांचे म्हणणे अंशतः खरे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. कोलोरॅडो, यूटा, आयोवा अशा राज्यांनी स्वीकारलेली ‘आरपीआय’ नावाची पद्धत पाहा. ती मुळात महाविद्यालयीन बास्केटबॉलची. तिचे रूढ सूत्र असे: स्वतःच्या विजयांचे प्रमाण २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचे प्रमाण ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे २५ टक्के, राज्याराज्यांत वजने थोडी बदलतात. समजा, एक संघ नऊपैकी नऊ सामने जिंकला आहे, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजयप्रमाण सरासरी ०.६० आहे आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे ०.५०. गुण झाले ०.२५ अधिक ०.३० अधिक ०.१२५, म्हणजे ०.६७५. दहावा सामना आहे एकही विजय न मिळालेल्या शाळेशी. आपला संघ तोही जिंकतो. स्वतःचे प्रमाण पूर्वीइतकेच राहते, कारण शंभर टक्क्यांपुढे जागाच नाही. पण प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.६० वरून ०.५४ वर घसरते. तिसरा आकडा तसाच धरला तर नवे गुण ०.६४५. मुले जिंकली आणि क्रम खाली आला!

हे अयोग्य आहे. जिंकण्याची शिक्षा देणारे सूत्र शालेय खेळात राहता कामा नये. पण हा दोष आपल्याला दिसला कसा? सूत्र समोर होते, म्हणून तीन ओळींच्या गणितात तो पकडता आला. तो दुरुस्तही करता येतो: ज्या विजयामुळे सरासरी घसरते तो सामना हिशेबातून वगळता येतो, वजने बदलता येतात, किंवा मुळातच वेगळी पद्धत घेता येते. बुद्धिबळातले अर्पाद एलो यांचे गुणांकन फिडेने १९७० साली स्वीकारले. त्यात दुबळ्याला हरवून फार थोडे गुण मिळतात, पण जिंकून गुण कमी होणे त्याच्या रचनेतच अशक्य आहे. ज्या महाविद्यालयीन बास्केटबॉलने आरपीआय १९८१ पासून वापरले, त्यानेही २०१८ साली ते निवृत्त करून नवे सूत्र आणले. सदोष सूत्र बदलता येते. मतदाराच्या मनातले सूत्र कोण बदलणार? ‘दुबळ्यांना हरवले, त्यात काय मोठेसे’ असे म्हणून त्यानेही हीच शिक्षा मनातल्या मनात दिलेली असते. तिचे गणित मात्र कधीच कागदावर येत नाही.

तिसरा आक्षेप गुणफरकाचा. मोजला तर क्रूर, न मोजला तर आंधळा, अशा दुहेरी कचाट्यात यंत्राला धरले जाते. पण हा प्रश्न यंत्राला विचारायचाच नाही. तो शिक्षकांना आणि संघटनांना विचारायचा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या खेळात आपण कशाला उत्तेजन देणार? पस्तीस गुणांनी पुढे असताना राखीव मुलांना मैदानात उतरवणाऱ्या प्रशिक्षकाचे नुकसान व्हावे काय? हार्बिन म्हणते, फरक मोजू नका. काही पद्धती फरक मोजतात, पण ठरावीक मर्यादेपुढचा सोडून देतात. महाविद्यालयीन फुटबॉलच्या ‘बीसीएस’ व्यवस्थेने २००१ च्या हंगामानंतर आपल्या संगणकांना गुणफरक मोजण्याची बंदीच केली. हे सगळे मूल्यांचे निर्णय आहेत, ते माणसांनीच घेतले आणि यंत्राने ते तंतोतंत पाळले. आता मतदाराला सांगून पाहा की ४९-० हा आकडा वाच, पण त्याचा प्रभाव मनावर पडू देऊ नकोस. तो मान डोलावेल. पाळू मात्र शकणार नाही. आपण ठरवलेले मूल्य ज्याच्याकडून पाळून घेता येते, त्यालाच आपण निर्दय म्हणायचे काय?

चौथा आक्षेप: यंत्रही चुकते. निःसंशय चुकते. २०१० साली याच बीसीएसच्या अखेरच्या क्रमवारीत वेस्ली कॉली यांच्या संगणकीय यादीत खालच्या गटातल्या एका सामन्याचा निकाल भरायचा राहून गेला. वेस्टर्न इलिनॉय आणि अ‍ॅपलेचियन स्टेट यांच्यातला तो सामना. त्या एका गळतीमुळे एलएसयू आणि बॉयसी स्टेट यांच्या जागांची अदलाबदल झाली होती. चूक दुरुस्त होताच बॉयसी स्टेट दहाव्या आणि एलएसयू अकराव्या स्थानी गेले. विरोधक ही घटना यंत्राविरुद्धचा पुरावा म्हणून सांगतात. ती नीट वाचली तर उलटीच साक्ष देते. चूक पकडली बाहेरच्या एका विश्लेषकाने. त्याला ती पकडता आली, कारण त्या व्यवस्थेतल्या सहा संगणकांपैकी कॉली यांचेच सूत्र संपूर्ण जाहीर होते आणि ते कोणालाही स्वतः सोडवून पाहता येत होते. उरलेल्या पाचांत तशी चूक झाली असती, तर कोणाला कळली असती? आणि मतपेटीत तर ‘चूक’ हा शब्दच लागू होत नाही. मतदाराने एखादा निकाल विसरून मत दिले, तरी ते वैध मतच राहते. जिथे चूक सिद्धच करता येत नाही, तिथे निर्दोषत्वाचा दावा सोपा असतो.

याच कारणाने मी ज्याची बाजू घेतो त्याची हद्दही आखून देतो. गुप्त सूत्राची वकिली मी करणार नाही. खाजगी कंपन्यांच्या क्रमवारींपैकी काहींचे गणित व्यापारी गुपित म्हणून झाकलेले असते; मॅक्सप्रेप्सच्या क्रमवारीचे संपूर्ण गणित जाहीर नाही, तरी फ्लोरिडासह काही राज्यांनी मानांकनासाठी तिचा आधार घेतला आहे. जे सूत्र पालकाला तपासता येत नाही, प्रशिक्षकाला सोडवता येत नाही, ते संगणकातून आले म्हणून न्याय्य ठरत नाही. बंद खोलीतली समिती आणि बंद पेटीतले गणित हे एकाच दोषाचे दोन अवतार आहेत. विरोधकांनी आपला राग इथे वळवला, तर मी त्यांच्या शेजारी उभा राहीन.

पाचवा आक्षेप: दहा सामने फार थोडे, आणि तिसऱ्या दशांश अंकावरचा फरक निरर्थक. हाही अंशतः खरा. ०.००२ च्या फरकाने चौथा संघ पाचव्यापेक्षा श्रेष्ठ ठरतो, असे कोणताही गणिती शपथेवर सांगणार नाही. पण चौथा आणि पाचवा यांत कोणीतरी एक आधी लिहावाच लागतो. सूत्र नको असेल तर कशाने लिहायचा? टेक्सासमध्ये मानांकनासाठी संगणक वापरत नाहीत; तिथे जिल्हा-गटातल्या स्थानावर प्रवेश मिळतो. १९८८ साली पश्चिम टेक्सासमधल्या ओडेसाचे पर्मियन हायस्कूल, मिडलंड ली आणि मिडलंड हाय या तिघांनी एकमेकांना आळीपाळीने हरवून बरोबरी केली. जागा दोनच होत्या. निर्णय झाला एका ट्रकथांब्यावर, नाणी उडवून. मिडलंड हाय बाहेर पडले. बझ बिसिंजर यांच्या ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या १९९० च्या पुस्तकामुळे ही घटना जगभर गेली. तिथे न कोणी पक्षपात केला, न कोणी चुकला. तरीही वर्षभराच्या खेळाचा कण न् कण बाजूला ठेवून निकाल लागला. तिसऱ्या दशांश अंकात निदान त्या मुलांनी खेळलेल्या सामन्यांचा अंश असतो. नाण्यात तोही नसतो.

शिवाय मानांकन म्हणजे निकाल, हा गैरसमज या आक्षेपाच्या मुळाशी आहे. ओहायोत पूर्वी एका विभागातून मोजकेच संघ पुढे जात. २०२१ पासून सोळा जाऊ लागले आणि २०२५ पासून बारा. म्हणजे आज सूत्राच्या हातात मुख्यत्वे क्रम आणि यजमानपद उरले आहे. करंडक मैदानावरच मिळवावा लागतो. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखला २०२५ च्या महिला विश्वचषकात पंधरावे मानांकन होते, आणि ते सर्वस्वी गुणांकनाच्या आकड्यांनी ठरले होते. त्या आकड्यांनी तिला रोखले नाही. दुसऱ्या मानांकित झू जिनरला तिने बाहेर काढले, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवले आणि विश्वचषक जिंकला. पंधरावे मानांकन हा तिचा अपमान नव्हता. तोवरच्या निकालांची ती प्रामाणिक नोंद होती. निवड समितीच्या मतांनी क्रम लावला असता, तर त्या पंधराव्या जागेचीही हमी कोणी दिली असती काय?

राहिला एक भावनिक मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. माणसाने घेतलेला निर्णय चुकला तरी तो आपलासा वाटतो, यंत्राचा बरोबर असला तरी परका वाटतो, असे म्हणतात. क्रिकेट पाहणाऱ्याला याचे उत्तर ठाऊक आहे. १९९२ च्या विश्वचषकात सिडनीला दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या असताना पाऊस आला, आणि थांबला तेव्हा त्या काळच्या सोप्या, कोणालाही कळणाऱ्या नियमाने एका चेंडूत अशक्य धावा मागितल्या. पुढे फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस यांचे सूत्र आले. ते चाहत्यांना सहज समजत नाही, त्यावर कुरकुर आजही होते. तरी जुन्या नियमाकडे परत चला, असे कोणी म्हणत नाही. आपलेपणा सवयीने येतो. न्याय रचनेतून यावा लागतो.

वाचकहो, दोन्ही बाजू आता आपल्यासमोर आहेत. मी यंत्राला सर्वज्ञ म्हटलेले नाही. माझी मागणी चार कलमांची आहे. सूत्र पहिल्या सामन्यापूर्वी संपूर्ण जाहीर व्हावे. हंगाम संपेपर्यंत त्यात अक्षराचा बदल होऊ नये. ज्या निकालांवर ते चालते ते सर्वांना खुले असावेत आणि चूक दाखवणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावे. आणि जिंकल्याने कोणाचाही क्रम खाली जाणार नाही, याची तजवीज सूत्रातच असावी. ही चार कलमे मोडणारी संगणकीय क्रमवारी मला नको आहे. आणि संगणकाऐवजी माणसांचे मत आणू पाहणाऱ्यांना माझे एवढेच विचारणे आहे: यांतले एक तरी कलम तुमच्या मतपेटीला पाळता येईल का? त्यांनी होकार सिद्ध करून दाखवावा. तोवर सूत्र दोषी असल्याचा निकाल देता येणार नाही.